बटणच्या हाताचं माप

मास्तरांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न ठरलेले असत. माप घेऊन झालं, की टेप गळ्यात टाकायचा, कानामागची पेन्सिल काढायची आणि कागदावरची नजर न हलवता विचारायचं, "नाव? फोन? कधी पाहिजे?" समोर शेजारी असो नाहीतर सख्खा मेहुणा, प्रश्न तेच. एकदा तर बायकोच्या कोटाचं माप घेतल्यावर त्यांनी तिलाही नाव विचारलं होतं. ती म्हणाली होती, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. आता एकदा लिहूनच ठेवा."

तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाइकाने काहीही उत्तर दिलं तरी मास्तर म्हणत, "बुधवारी या." मास्तरांचा बुधवार गल्लीत प्रसिद्ध होता. कुणी पैसे परत करतो बुधवारी असं म्हणालं, की समोरचा विचारायचा, "खरा बुधवार की टेलरचा?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापड कापणारे. बत्तीस वर्षं हेच काम. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कटिंगचं टेबल, खिडकीपाशी दोन शिलाई मशिनं, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे पॅटर्न. कोटाच्या बाह्या, शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी, कुणाकुणाच्या पाठी आणि छात्या. त्यातली काही माणसं आता हयात नव्हती आणि काहींची पोटं त्या कागदात मावली नसती, पण मास्तर कागद टाकून देत नसत.

गेली अडीच वर्षं मात्र मास्तरांना काही वाटत नव्हतं. म्हणजे वाईट वाटत होतं असं नाही, आणि बरं वाटत होतं असंही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो तसं सगळं झालं होतं. जागच्या जागी, पण आपलं नाही. कामात चूक होत नव्हती. जेवण जात होतं. झोप लागत होती, जरा जास्तच लागत होती. एका मोठ्या कंपनीने दोनशे गणवेशांचं काम दिलं तेव्हा मशीनवरचा कारागीर पेढे वाटावेत तसा आनंद वाटत फिरला, आणि मास्तर दोऱ्याच्या रिळांची यादी करत बसले. मेहुण्याच्या अंत्यविधीला गेले तर सगळा वेळ पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाचा खांदा बघत राहिले. खांदा उतरलेला होता. घरी येऊन बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं. इस्त्रीचा चटका बसला तरी फोड आल्यावरच त्यांच्या लक्षात यायचं.

याचं कारण घरात कुणी बोलत नव्हतं, पण ते गल्लीला ठाऊक होतं.

मास्तरांना एकच मुलगी. दोन वर्षांची असताना तिने टेबलाखाली बसून शर्टाचं बटण गिळलं. डॉक्टर म्हणाले वाट बघा, म्हणून अख्खं घर दोन दिवस वाट बघत बसलं. तिसऱ्या दिवशी बटण सुखरूप परत आलं आणि पोरीचं नाव बटण पडलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, ते फक्त दाखल्यावरच राहिलं. ही बटण कॉलेजात गेल्यावर कॉम्प्युटरवर खेळायला लागली. नुसती वेळ घालवायला नाही, चार जणांबरोबर टीम करून. स्पर्धा असायच्या. मास्तरांना ते कळत नव्हतं. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून ते तिची पाठ बघायचे आणि तिचा उजवा हात बघायचे. हात टेबलावर सर्रकन फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. त्यांना वाटायचं, एवढा चपळ हात कापडावर फिरला असता तर?

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि त्यात ती दोन विषयांत नापास झाली. तिने तो दोन आठवडे लपवला. मास्तरांना तो कळला गिऱ्हाइकाच्या तोंडून, हातात बारा इंची कात्री असताना. तशीच कात्री घेऊन ते मागच्या खोलीत गेले. तिचा सामना चालू होता.

"ऊठ," ते म्हणाले.

"दहा मिनिटं, बाबा. फक्त दहा मिनिटं."

मास्तरांनी माऊसची वायर उचलली आणि कापली. आवाजसुद्धा झाला नाही. जाड कॅनव्हास कापणारी कात्री ती. पडद्यावरचा तिचा माणूस भिंतीशी उभा राहिला, तसाच राहिला, आणि थोड्या वेळाने कुणीतरी येऊन त्याला मारलं. बटणने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ती रडली नाही, भांडली नाही. आठ दिवसांनी ती निघून गेली. जाताना शेपूट तुटलेला माऊस घेऊन गेली. वायरचा उरलेला तुकडा मास्तरांच्या बटणांच्या डब्यात होता. तो तिथे कुणी ठेवला, तर त्यांनीच.

बायकोला तिचा फोन येत असे, दर शनिवारी दुपारी. ती फोन घेऊन मागच्या गॅलरीत जायची आणि दार लावून घ्यायची. "मला शपथ घातलीये तिने," पहिल्याच शनिवारी तिने सांगून टाकलं होतं. "नंबर नाही, पत्ता नाही. तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही." मास्तरांनी विचारलं नाही. बायकोचा फोन दिवसभर ओट्यावर पडलेला असायचा, उघडून नंबर बघणं काही अवघड नव्हतं. पण चोरलेल्या नंबरावर माणूस बोलणार काय?

त्या गुरुवारी जेवताना बायको म्हणाली, "बटण येतेय रविवारी."

मास्तरांनी घास गिळला. "बरं."

"बरं काय? ऐका तरी. तिच्या टीमला दुसऱ्या शहरात बोलावलंय. राहायचं, सराव करायचा, पगार मिळणार. वर्ष, दोन वर्षं, काही सांगता येत नाही. लांब आहे. कागदपत्रं न्यायला येतेय आणि गरम कपडे. तासभर थांबेल म्हणाली."

"बरं."

"दगड आहात अगदी," बायको म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

मास्तर हात धुवायला उठले, नळ सोडला आणि तसेच उभे राहिले. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "तिला लागतं काय, खेळायला?"

"मला काय कळतंय त्यातलं? शनिवारी म्हणत होती, माऊस बिघडलाय. टीमकडून मिळेल तेव्हा मिळेल."

मास्तरांना मोठं काही नको होतं. तिने परत यावं, गळ्यात पडावं, असलं काही त्यांनी मनात आणलं नव्हतं. जाण्याआधी तिने आपल्या हातून एक वस्तू घ्यावी आणि ती कुठे असणार ते स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढंच. तिथे गेल्यावर शनिवारचे फोनही कमी होतील आणि गॅलरीच्या बंद दाराआडून जे चार शब्द ऐकू येतात तेही जातील.

शुक्रवारी दुपारी त्यांनी दुकान कारागिरावर सोडलं आणि कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. जाताना भिंतीवरच्या एका खिळ्यावरून एक कागद काढून गुंडाळून बरोबर घेतला.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबट, अरुंद, काचेच्या कपाटांत लाल-निळे दिवे लागलेल्या वस्तू. काउंटरवर पस्तिशीची एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तो ती विसरली होती, कारण ती ड्रॉवरमध्ये चष्माच शोधत होती.

"गेमिंगचा माऊस पाहिजे," मास्तर म्हणाले. "आणि त्याच्याखाली घालतात ते."

"माऊसपॅड. कुणासाठी, काका?"

"मुलीसाठी."

"आधी कुठला वापरायची?"

"काळा."

बाईंनी शोधायचं थांबवलं. "काका, निम्मे काळेच असतात. बरं, खेळते काय?"

"बंदुकांचं. समोरून माणूस येतो, ही मारते. कधी तो मारतो."

"कळलं. मग हलका पाहिजे." तिने चार-पाच माऊस काढून काउंटरवर मांडले. "वायरचा दाखवू? स्वस्तात पडेल, चार्जिंगची कटकट नाही. बरेच चांगले खेळाडू अजून..."

"वायर नको."

"फार पातळ असते आता, कापडी वेष्टन असतं. हाताला जाणवतसुद्धा नाही."

"वायर नको," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण बाईंनी वायरचे तिन्ही माऊस गुपचूप उचलून खाली ठेवले.

"बरं. धरते कसा? काही जण आख्खा तळवा टेकवतात. काही जण नुसत्या बोटांच्या टोकांनी धरतात. काहींचा पंजा असा उचललेला असतो."

हे मात्र मास्तरांना माहीत होतं. त्यांनी खिशातून खडूची चपटी वडी काढली, कापडावर रेघ मारताना धरतात ती, आणि काउंटरवर धरून दाखवली. मनगट टेकलेलं, बोटं वाकलेली, तळव्याखाली पोकळी. "अशी. खडू धरायला मीच शिकवलं होतं तिला, सात वर्षांची असताना. तोच हात पडलाय."

"अच्छा. मग पंजाच. हात केवढा आहे?"

मास्तरांनी गुंडाळी उलगडली. खाकी कागदातून कापलेला एक हात काउंटरवर पसरला. पाच बोटं, अंगठा बाजूला, तळव्यावर पेन्सिलने लिहिलं होतं 'बटण'.

बाई बघतच राहिल्या. "सहा वर्षं झाली मला या दुकानात. लोक फोटो आणतात, जुना माऊस आणतात. हात कापून आणणारे तुम्ही पहिलेच."

"शाळेच्या संचलनासाठी पांढरे हातमोजे शिवले होते. त्याचा पॅटर्न आहे."

बाईंनी पट्टी लावली. "लांबी साडेवीस सेंटीमीटर. रुंदी साडेदहा. बाप रे! उंच आहे का हो मुलगी?"

"माझ्या कानाला लागते."

बाईंनी मास्तरांकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "काका, नक्की ना?"

"मॅडम, बत्तीस वर्षं मापं घेतोय मी," मास्तर म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "आणि हे पंधराव्या वर्षीचं आहे. त्यानंतर थोडाफार वाढला असेल. तेव्हा मोठ्यातला मोठा द्या."

"याच्यापेक्षा मोठा मग टोपलीच देते," बाई म्हणाल्या, पण त्यांनी वरच्या फळीवरून एक खोका काढला. "हा सगळ्यात मोठा. तरी सांगते, पंजाने धरणाऱ्याला जरा लहानही चालतो."

"घट्ट झालं तर काही करता येत नाही. सैल असलेलं बरं."

बाईंनी खोका काउंटरवर ठेवला. कपड्यांच्या बाबतीत ते खरंच होतं.

मग पॅड निघाले, आणि इथे दुकानातलं वारंच फिरलं. बाई सांगायला लागल्या, हा वेगाचा, हा ताब्याचा, यावर माऊस पळतो, त्यावर जागच्या जागी थांबतो. मास्तर ऐकत नव्हते. त्यांनी पहिला पॅड उचलला, नखाची पाठ त्यावरून उभी फिरवली, मग आडवी. "हा उभा वेगळा सरकतो आणि आडवा वेगळा. वीणच तशी आहे," ते म्हणाले. दुसऱ्याचा काठ त्यांनी डोळ्यांजवळ धरला. काठावरची शिलाई पॅडच्या वर आलेली होती. "हिच्यावर रोज मनगट घासणार. महिन्यात कातडी सोलून निघेल. कुणी शिवलंय हे?" तिसऱ्याचा धागा ढिला होता. चौथ्याचे टाके त्यांनी इंचात मोजले, मान हलवली, पॅड उलटा करून रबर दाबून पाहिलं, परत सुलटा केला आणि मनगटाची आतली बाजू काठावरून फिरवली. काठ पॅडच्या पातळीखाली शिवलेला होता. हाताला लागत नव्हता.

"हा," मास्तर म्हणाले.

"सगळ्यात चांगला तोच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "मला इतके दिवस का ते माहीत नव्हतं."

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मास्तरांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं असतं. आता त्यांनी पावती मागितली. बाई म्हणाल्या, सात दिवसांत बदलून मिळेल, फक्त माऊसवर चरा नको. मास्तर म्हणाले, बदलायची वेळ येणार नाही.

शनिवारी त्यांनी काम केलं. दिवसभर एक वाक्य त्यांच्या तोंडात घोळत होतं. ते त्यांनी कोटाच्या अस्तरापाशी म्हणून पाहिलं, इस्त्री करताना म्हणून पाहिलं. त्यात काहीच वाटत नव्हतं. उद्या ती समोर आल्यावर तरी वाटेल का, की तेव्हाही आपण उतरलेला खांदाच बघत बसू, याची त्यांना भीती वाटायला हवी होती. तीसुद्धा नीटशी वाटली नाही.

रविवारी दुकान बंद होतं. बारा वाजता दार वाजलं आणि बटण आत आली. केस कापलेले, पाठीवर सॅक, चेहरा थोडा रोडावलेला. मास्तर कटिंगच्या टेबलामागे उभे होते. टेबलावर काही नव्हतं, तरी ते टेबल पुसत होते.

"आई आहे का?" तिने विचारलं.

"आत आहे."

एवढं बोलणं झालं. मग तास भुर्रकन गेला. आतून कपाटाचा आवाज येत होता, कागदांचा, बायकोच्या बोलण्याचा. गरम कपडे सॅकमध्ये बसत नव्हते, मग पिशवी निघाली, पिशवीचा बंद तुटलेला निघाला, तो मास्तरांनी न सांगता शिवून दिला. बटण म्हणाली, "थँक्यू." कारागिराला म्हणावं तसं म्हणाली. मास्तर उभे होते. त्यांना काही वाटत नव्हतं. एक वाजून गेला आणि ती सॅक पाठीवर चढवायला लागली.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "द्या की आता. की तेही बुधवारी?"

मास्तरांनी टेबलाखालून खोका काढला आणि टेबलावर ठेवला. पॅडची गुंडाळी शेजारी ठेवली. बटणने खोक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सॅक खाली ठेवून खोका उघडला.

"वायरलेस," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आता कापायला काही नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "काही नाही ठेवलं." मग शनिवारभर घोळवलेलं वाक्य त्यांनी सांगून टाकलं, सूट तयार आहे असं सांगावं तसं, सपाट आवाजात. "दहा मिनिटं मागितली होतीस. द्यायला हवी होती. मी चुकलो."

बटण माऊसकडे बघत होती. "सात," ती म्हणाली. "दहा म्हणाले मी, पण सातच राहिली होती."

"सात तरी."

तिने पॅड उलगडला, तळहात त्यावरून फिरवला आणि काठापाशी थांबली. मनगट काठावर टेकवून पुढे-मागे केलं. तिच्या भुवया थोड्या वर गेल्या. मग तिने माऊस पॅडवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. बोटं वाकवली. बोटं बटणांच्या निम्म्यापर्यंतच पोचली. तिने तळवा पुढे सरकवून पाहिला, तर माऊसचा मागचा भाग बाहेर राहिला. मोठ्या बहिणीचा बूट घालून चालणाऱ्या मुलीसारखा तिचा हात त्यावर बसला होता.

"मोठा आहे," ती म्हणाली.

"थोडा सैल ठेवलाय," मास्तर म्हणाले. बत्तीस वर्षं वाढत्या पोरांच्या आयांना जे सांगत आले तेच तोंडातून आपोआप निघालं. "पुढे होईल."

"बाबा," बटण म्हणाली, "मी पंचवीस वर्षांची आहे. माझा हात आता वाढणार नाही."

मास्तरांनी वळून भिंतीवर परत टांगलेला तो हाताचा कागद काढला. टेबलावर पसरला. आता त्यांना दिसलं, पुसट झालेली, कागदाच्या काठापासून आत फिरणारी पेन्सिलची तुटक रेघ. शिलाईची रेघ. खरा हात त्या रेघेच्या आत होता. बाहेरचं सगळं मार्जिन, शिलाईला सोडलेलं, आणि त्यात वाढत्या अंगाची जागा वेगळी. आपण बाईंना बाहेरचा हात दाखवला. शिवाय म्हणालो, थोडा वाढला असेल. बत्तीस वर्षं मापं घेतोय म्हणालो.

त्यांची कानशिलं तापली. मान, गाल, डोक्याची कातडी, सगळं भाजून निघालं. माप चुकलं होतं आणि त्यांना भयंकर लाज वाटली. अडीच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते असलं निघालं. टेबलाचा काठ धरून ते उभे राहिले.

"बदलून मिळतो," ते म्हणाले. आवाज आता सपाट नव्हता. "सात दिवसांत. हात ठेव इथे."

"गाडी आहे माझी."

"दोन मिनिटं, बटण. फक्त दोन मिनिटं."

ते बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. बायको दारात होती, तिने पदर तोंडाशी नेला. बटणने घड्याळात पाहिलं. मग तिने बाही वर केली आणि उजवा हात कोऱ्या खाकी कागदावर ठेवला.

मास्तरांनी पेन्सिल मनगटापाशी टेकवली आणि ओढायला लागले. सवयीने पेन्सिल बोटापासून अर्धा इंच लांब चालली.

"लागून काढा, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पेन्सिल आत आणली. करंगळीला लागून वर, टोकावरून वळून खाली, दोन बोटांच्या बेचक्यात, पुन्हा वर. बोट उबदार होतं. पेन्सिलच्या लाकडातूनसुद्धा ते कळत होतं. मधल्या बोटाच्या कडेला एक घट्टा होता, खडूचा नव्हे, नवा. तिथे ते थोडे थांबले. तिने हात हलवला नाही. अंगठा झाला, दुसऱ्या बाजूचं मनगट झालं, आणि रेघ पुरी झाली. तिने हात उचलला. कागदावर एक लहानसा हात राहिला.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि कागदावरची नजर न हलवता म्हणाले, "नाव? फोन? कधी पाहिजे?"

त्यांनी जीभ चावली. त्यांना वर बघायचा धीर झाला नाही. अडीच वर्षं जे विचारायचं टाळलं, जे आज तरी नीट शब्दांत विचारायचं ठरवलं होतं, ते असं गिऱ्हाइकाला विचारावं तसं तोंडातून पडलं होतं. आता ती सॅक उचलेल, असं त्यांना वाटलं, आणि ते सहन होणार नाही हेही त्याच क्षणी त्यांना स्पष्ट कळलं.

बटणने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली.

तळव्याच्या मधोमध तिने लिहिलं, 'बटण'. त्याखाली फोन नंबर. नंबर पुसट उठला म्हणून की काय, आकडे तिने पुन्हा एकदा गिरवले. मग पत्ता, नव्या शहराचा, चार ओळी, अंगठ्याच्या मुळापर्यंत गेल्या. शेवटी तिने लिहिलं, 'बुधवारी'.

"खरा बुधवार हं," ती म्हणाली. "टेलरचा नको."

"खरा," मास्तर म्हणाले.

पॅड तिने गुंडाळून सॅकमध्ये घातला. मोठा माऊस खोक्यात परत ठेवला, अगदी जपून, चरा पडू नये म्हणून. दारातून बाहेर पडताना ती थांबली आणि न वळता म्हणाली, "काठ मस्त आहे पॅडचा." मग जिन्यावर तिची पावलं वाजली आणि बायको तिला रस्त्यापर्यंत सोडायला मागोमाग गेली.

मास्तर टेबलापाशी एकटेच राहिले. नवा पॅटर्न काढला की तो लगेच कापायचा, ही सवय. त्यांनी कात्री उचलली, कागदाला लावली आणि तशीच बाजूला ठेवली. सोमवारी सकाळी जायचं, बदलून आणायचा, लगेच कुरिअर करायचा, म्हणजे बुधवारी पोचेल. बाईंपुढे अख्खा कागदच उलगडायचा. हा हात कापायचा नव्हता.

पत्त्याच्या दुसऱ्या ओळीवर थेंब पडला तेव्हा त्यांना कळलं, की आपण रडतोय. त्यांनी घाईघाईने टेपच्या टोकाने कागद टिपला. पेन्सिलचं होतं, पुसलं गेलं नव्हतं. तरीही त्यांनी तो नंबर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला, आणि मग तिसऱ्यावरही.